विज्ञानाच्या नव्या घटकांचा ट्रायआउट: वर्गात काय करावं, काय लिहून ठेवावं

प्रश्न असा आहे. सहावी ते आठवीच्या विज्ञानाचे काही नवे घटक तयार होत आहेत. छापण्याआधी ते निवडक शाळांत शिकवून पाहायचे आहेत, यालाच ट्रायआउट म्हणतात, आणि प्रश्न विचारणाऱ्या मॅडमची अनुदानित शाळा त्यात आहे. त्या विचारतात: घटक दिलाय तसाच शिकवायचा की आपल्या वर्गाप्रमाणे बदलायचा? प्रयोग फसला तर काय करायचं? अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये नेमकं काय लिहायचं? आणि नेहमीचा अभ्यासक्रम मागे पडेल अशी मुख्याध्यापकांना भीती वाटते, त्यांना काय सांगायचं?

मॅडम, मी वर्षानुवर्षं उच्च प्राथमिकला विज्ञान शिकवलं आणि ट्रायआउटमध्ये दोन्ही बाजूंना बसले. आधी शिकवणारी म्हणून, नंतर शिक्षकांचे अभिप्राय वाचून घटक दुरुस्त करणाऱ्या गटात. या दुसऱ्या कामाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. ट्रायआउटमध्ये सगळ्यात कमी माहिती मिळते ती सगळ्यात चांगल्या शिक्षकांकडून. त्यांचा तास छान होतो, मुलं खूश असतात, फॉर्मवर ‘उत्तम’ लिहिलेलं असतं आणि घटकातली चूक तशीच छापायला जाते. कारण चूक आली तेव्हा त्यांनी ती तिथल्या तिथे सावरलेली असते. सूचना अर्धवट होती, त्यांनी तोंडी पूर्ण केली. आकृती फसवी होती, त्यांनी फळ्यावर नवी काढली. नवी पाककृती करून बघायला दिली आणि सुगरणीने चव घेत घेत मीठ-मसाला आपल्या हाताने सुधारला, तर पाककृती लिहिणारीला काय कमी होतं ते कधीच कळत नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे. पहिल्या वेळी घटक जसा लिहिलाय तसाच शिकवा. परीक्षा त्या कागदांची आहे, तुमची नाही आणि मुलांचीही नाही. एखादी पायरी तुम्हाला चुकीची वाटली तरी ती करू द्या, काय होतं ते बघा आणि लिहा. सावरावंसं वाटेल, तो आपला स्वभावच असतो. सावरलंत तरी हरकत नाही, फक्त कुठे सावरलं आणि काय बोलून सावरलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा. तुमच्या तोंडून आलेलं ते एक वाक्य बहुतेक वेळा घटकात नसलेलं वाक्य असतं आणि लिहिणाऱ्यांना तेच हवं असतं.

या नियमाला दोन अपवाद आहेत आणि तिथे क्षणभरही थांबू नका. पहिला सुरक्षेचा. स्पिरिटचा दिवा, आम्ल, भिंगातून ऊन, तापलेलं भांडं यांबाबत घटकातली सूचना तुम्हाला धोक्याची वाटली तर ती कृती तिथेच थांबवा. दुसरा अपवाद मुलाच्या मानाचा. पोषणाच्या घटकात ‘काल रात्री काय जेवलात ते वर्गात सांगा’ अशी कृती असते. आनुवंशिकतेच्या घटकात ‘आई-वडिलांचे कान, केस, गालावरची खळी बघून तक्ता भरा’ असं असतं. ज्या मुलाच्या घरी रात्री चूल पेटली नाही, ज्या मुलीचे आई-वडील ऊसतोडीला गेलेत आणि ती आजीकडे राहते, त्यांच्यासमोर अशी कृती रेटायची नसते. ती बदला आणि का बदललीत ते ठळक लिहा. शहरात बसून लिहिणाऱ्या चांगल्या माणसांनाही हे सुचतंच असं नाही. त्यांना सांगणारं दुसरं कुणी नसतं.

आता प्रयोग फसण्याबद्दल. इथे मी जरा थांबणार आहे, कारण ट्रायआउटचं खरं पीक इथेच येतं.

विजेच्या घटकाचं उदाहरण घ्या. एक सेल, दोन तारा, टॉर्चचा छोटा बल्ब, आणि मुलांनी तो पेटवून दाखवायचा. वर्षानुवर्षं चालत आलेली ही सुंदर कृती आहे. पण तालुक्याच्या बाजारात आज तो फिलामेंटचा बल्ब मागून बघा. इलेक्ट्रिकवाला दुकानदार एलईडी पुढे करतो. शिक्षक म्हणतात, ‘चला, एलईडी तर एलईडी.’ आणि इथे गोष्ट बदलते. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, लाल एलईडीलाही २ च्या आसपास. एका सेलचे १.५ व्होल्ट त्याला पुरत नाहीत. मुलं सगळं बरोबर जोडतात आणि उजेड पडत नाही. ती ठरवतात, सेल उतरलाय. दोन सेल जोडले तरी एलईडी उलटा लावला तर पेटत नाही, कारण त्यातून वीज एकाच दिशेने जाते. फिलामेंटच्या बल्बला अशी दिशा नसते. लाल एलईडीला दोन सेल थेट लावले आणि रोध, म्हणजे प्रवाह आवरणारा रेझिस्टर, जोडला नाही, तर जास्त प्रवाहाने तो खराब होऊ शकतो. म्हणजे ‘बंद परिपथ’ ही एक कल्पना शिकवायला घेतलेल्या तासात मुलांसमोर व्होल्टेज, दिशा आणि रोध अशा तीन नव्या गोष्टी कुणी न बोलावता येऊन बसल्या.

पुढच्या कृतीत तर उत्तरच बदलतं. कोणत्या वस्तूतून वीज जाते ते तपासायचं असतं. फिलामेंटचा बल्ब लावून लिंबाच्या रसात दोन टोकं बुडवली तर बल्ब पेटत नाही. मुलं लिहितात, दुर्वाहक. त्याच जागी एलईडी लावला की तो मंद का होईना, पेटू शकतो, कारण त्याला फार थोडा प्रवाह पुरतो. मुलं लिहितात, सुवाहक. एकाच गावातल्या दोन शाळांत दोन उत्तरं आणि दोन्हीकडे निरीक्षण प्रामाणिक. घटक लिहिणाऱ्याला हे कळलं तर तो यातून एक उत्तम पाठ उभा करू शकतो: ‘वीज जात नाही’ आणि ‘आपल्या बल्बला कळेल इतकी जात नाही’ यांत फरक असतो. पण ‘साहित्यात किरकोळ बदल केला’ एवढंच फॉर्मवर लिहिलेलं असेल तर त्याला काहीच कळत नाही. म्हणून वस्तू बदललीत तर रंग, व्होल्ट, दुकान, किंमत सगळं लिहा. आणि शक्यतो बदलण्याआधी समन्वयकांना फोन करा. ‘हा बल्ब आमच्या बाजारात मिळत नाही’ हीसुद्धा एक नोंद आहे आणि मोठी नोंद आहे.

सावलीचं दुसरं उदाहरण. जमिनीत काठी रोवायची आणि ‘दुपारी १२ वाजता सावली सर्वात लहान असते व ती उत्तरेकडे पडते’ हे पडताळायचं. वाक्य वाचताना कुणाला खटकत नाही. पण आपल्या घड्याळातली वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. मुंबई ७३ अंशांच्या जवळ, म्हणजे सुमारे साडेनऊ अंश पश्चिमेला. दर अंशाला ४ मिनिटं धरली तर मुंबईचा सूर्य माध्यान्हीवर येतो तो साधारण पाऊण वाजण्याच्या जरा आधी. नागपुरात तो सव्वाबाराच्या आसपास येतो. यात वर्षभर थोडा मागेपुढे फरक पडत राहतो, पण मुंबई-पुण्यात १२ ला सर्वात लहान सावली मिळत नाही हे नक्की. दिशेची गंमत त्याहून मोठी आहे. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. आपली शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. हा घटक सुरुवातीलाच घेतला आणि पावसाने उघडीप दिली, तर मुलांना सावली पुस्तकाच्या उलट दिसणार.

अशा वेळी वर्गात काय होतं ते मी पाहिलं आहे. मुलं सावली मोजतात, दिशा बघतात, एकमेकांकडे बघतात आणि मग वहीत ‘उत्तर’ लिहितात. शिक्षकही पुस्तकाकडे बघून मान डोलावतात. यात कुणी लबाड नसतं. छापलेल्या शब्दावर आपला विश्वास डोळ्यांपेक्षा जास्त असतो, इतकंच. ट्रायआउटच्या शिक्षिकेने ही एक गोष्ट केली तरी तिने मोठं काम केलं: वहीत काय लिहिलं गेलं त्याच्या शेजारी मैदानात खरोखर काय दिसलं ते लिहायचं. घटकात दुरुस्तीही सोपी असते. ‘१२ वाजता’ काढून ‘साडेअकरापासून दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा आणि सर्वात लहान सावली शोधा’ असं लिहिता येतं. मग उत्तर-दक्षिण रेषा मुलांना जमिनीवर स्वतःच्या खुणांतून मिळते. पण मधल्या सुट्टीची वेळ, सकाळची शाळा, पावसाचे दिवस यांत हे बसतं का, ते तुम्हीच सांगू शकता.

पाण्याच्या उत्कलनबिंदूचंही हेच. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला ते ९५-९६ ला उकळेल. घटकात ‘तापमान १०० अंश होईपर्यंत वाट पहा’ असं लिहिलेलं असेल तर मुलं वाट बघत बसतात, तापमान ९८ वरून हलत नाही आणि शेवटी वहीत ९८ खोडून १०० होतं. म्हणून माझा एक आग्रह आहे. ट्रायआउटच्या तासाला खोडरबर गोळा करून टेबलावर ठेवा. चुकलं वाटलं तर मुलांनी एक आडवी रेघ मारून पुढे लिहावं. ती रेघ मारलेली ९८ घटक लिहिणाऱ्याला जे सांगते ते कोणताही फॉर्म सांगणार नाही. आणि कृतिपत्रिका लाल शाईने तपासायच्या आधी त्यांचे फोटो काढून ठेवा.

अभिप्रायाबद्दल तुम्ही विचारलंत. आमच्याकडे येणारा नेहमीचा अभिप्राय असा असतो: ‘घटक छान आहे. विद्यार्थ्यांनी आनंदाने सहभाग घेतला. वेळ कमी पडला.’ मनापासून लिहिलेला असतो, पण त्यावरून एकही ओळ बदलता येत नाही. उपयोगी नोंद कशी असते ते बघा: ‘कृती ३, पायरी २. बऱ्याच गटांनी दोन्ही तारा सेलच्या वरच्या टोकाला लावल्या. चित्रात सेलचं खालचं टोक बोटाने झाकलं गेलंय, म्हणून त्यांना दुसरं टोक आहे हे दिसलंच नाही.’ कुठे, काय झालं, तुमच्या मते का, या तीन गोष्टी. चौथी सुचली तर उत्तम: काय केलं तर टळेल. पण सूचना नसली तरी चालेल. ‘काय झालं’ हे मात्र हवंच, आणि ते त्याच दिवशी लिहिलेलं हवं. आठवड्याने लिहिताना आपण आठवणीतला तास लिहितो आणि आठवणीत तास नेहमी चांगलाच झालेला असतो.

वेळेची नोंदही ‘कमी पडला’ अशी नको. घड्याळ बघून लिहा: साहित्य वाटायला किती, सूचना समजायला किती, कृतीला किती, बोलायला किती, आवरायला किती. लिहिणारे कृतीची मिनिटं मोजतात. पेट्या वाटणं, सांडलेलं पुसणं, एकाच नळावर पन्नास मुलांनी हात धुणं यांची मिनिटं त्यांच्या हिशोबात नसतात. ३५ मिनिटांच्या तासिकेत शेवटची चर्चा हमखास कापली जाते. विज्ञान त्या चर्चेत असतं. तिच्याशिवाय उरते ती नुसती हालचाल. शक्य असेल तर जोड तासिका मागून घ्या, पण मग ‘जोड तासिकेत केलं’ हेही लिहा. सगळ्या शाळांना ती मिळणार नाही.

मुलांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत टिपा. हे सर्वात मोलाचं आणि सर्वात कमी मिळणारं. वीज शिकताना मुलं विचारतात, ‘दोन तारा कशाला? घरच्या पंख्याला तर एकच वायर असते.’ बरोबरच आहे, बाहेरून ती एकच दिसते. आत दोन किंवा तीन तारा असतात हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. ज्याने हे वाक्य ऐकलं तो घटकात जुन्या वायरचं आवरण सोलून दाखवण्याची कृती घालेल. काही मुलं म्हणतात, वीज सेलमधून निघते आणि बल्बमध्ये संपते. काही म्हणतात, दोन्ही टोकांकडून येते आणि बल्बमध्ये आपटते, म्हणून उजेड. पदार्थाच्या कणांचा घटक असेल तर ऐकायला मिळतं, ‘बर्फाचे कण कडक असतात, पाण्याचे मऊ.’ वनस्पतींच्या पोषणात जवळजवळ प्रत्येक वर्गात कुणीतरी म्हणतंच, झाड मातीतून जेवतं. ही चुकीची उत्तरं म्हणून सोडून देऊ नका. मुलं कुठून विचार करतायत ते त्यातून दिसतं आणि घटकाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

शिकवताना हे टिपणं एकटीला जमत नाही. सहकाऱ्याला मागे बसवा. माझा अनुभव असा की त्यासाठी विज्ञानाच्या शिक्षकापेक्षा मराठीचे किंवा इतिहासाचे शिक्षक बरे. विज्ञानाचा शिक्षक मुलाच्या वाक्यातली चूक मनातल्या मनात दुरुस्त करून लिहितो. इतिहासाचे सर जे ऐकलं तेच लिहितात. त्यांना सांगा, पूर्ण वर्ग बघू नका, एकच गट धरा, शक्यतो मागच्या बाकावरचा, आणि तासभर तोच ऐका. त्या गटात कोणी पेटीला हात लावला, कोण नुसतं लिहीत राहिलं, मुलींच्या हातात साहित्य आलं का, हेही त्यातून कळतं.

तुमचा वर्ग सेमी-इंग्रजीचा असेल तर आणखी एक काळजी घ्या. विज्ञानाची कृतिपत्रिका इंग्रजीत भरायची असेल तर मुलं दोन शब्दांत उत्तर उरकतात आणि त्यावरून घटक कळला नाही असं वाटतं. तीच मुलं गटात मराठीत भरभरून बोलत असतात. दोन्ही नोंदी पाठवा. नाहीतर लिहिणारे चुकीची गोष्ट दुरुस्त करत बसतील.

शिक्षक-पुस्तिका तुम्हाला स्वतःला कुठे कळली नाही तेही न संकोचता लिहा. तुम्ही बी.एस्सी. असाल. उद्या हाच घटक वाडीवरच्या शाळेत जाईल, तिथे कला शाखेचे गुरुजी दोन वर्ग एकत्र घेऊन विज्ञान शिकवत असतील. तुम्ही जिथे अडखळलात तिथे ते थांबतील.

हे सगळं कुणी करून दाखवलंय का, असं मुख्याध्यापक विचारतील. दाखवलंय, आणि आपल्या शेजारच्या राज्यात. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सहावी ते आठवीच्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. दिल्ली विद्यापीठातली आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली शास्त्रज्ञ मंडळी त्यात होती. पण तो कार्यक्रम टिकला तो शिक्षकांमुळे. उन्हाळी प्रशिक्षणात शिक्षक स्वतः मुलांसारखे प्रत्येक प्रयोग करून बघत, नडलं तिथे लेखकांना अडवत. मग वर्षभर दर महिन्याला परिसरातले शिक्षक एकत्र बसत, काय झालं ते सांगत आणि त्यावरून ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तकं पुन्हा पुन्हा लिहिली गेली. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत पोहोचला. १९८२ मध्ये त्याची जबाबदारी घ्यायला ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली. परीक्षासुद्धा बदलली, पुस्तक उघडं ठेवून लेखी आणि सोबत प्रात्यक्षिक. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला, याचं मला आजही वाईट वाटतं.

तिथलीच एक गोष्ट साहित्याच्या संदर्भात सांगते. १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतून (आजची टाटा मोटर्स) रजा घेऊन इंजिनिअर अरविंद गुप्ता तिथे गेले होते. आठवडी बाजारात मिळणारी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काडेपेटीच्या काड्या यांच्यापासून त्यांनी भूमितीतले आणि रचनांचे आकार जोडायची पद्धत तिथे काढली. जे बाजारात मिळतं त्यातूनच प्रयोग, हा त्यामागचा विचार. टॉर्चच्या बल्बाबद्दल मी इतकं लिहिलं ते त्यासाठीच. आठवडी बाजार बदलतो आणि तो बदलल्याचं सगळ्यात आधी शिक्षकाला कळतं.

आपल्याकडे १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं आणि सुरुवातीच्या काळातच ते जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला गेलं, ग्रामीण शाळांतल्या विज्ञान आणि गणिताच्या शिक्षणावर काम करायला. शाळेत जाऊन, शिक्षकांबरोबर बसून साहित्य घडवण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. तुम्ही काही अनोखं धाडस करत नाही आहात.

मुख्याध्यापकांच्या काळजीत मात्र तथ्य आहे, ती उडवून लावू नका. ट्रायआउटचा घटक वार्षिक नियोजनातल्या कोणत्या घटकाच्या जागी घेता येईल ते दोन्हींच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलांना शेवटी काय यायला हवं त्याच्या याद्या, शेजारी शेजारी ठेवून आधीच ठरवा. जास्तीचा म्हणून घेतलात तर दोन्हीकडे धाप लागेल. आपल्या आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या तंत्रांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प हे सगळं आहेच. ट्रायआउटमध्ये मुलं जे करतात त्याच्या नोंदी तिथे रीतसर लागतात, वेगळी चाचणी घ्यावी लागत नाही. हे कागदावर मांडून दाखवलंत की अर्धा विरोध मावळतो. संकलित मूल्यमापनाचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे आठवडे, शिष्यवृत्तीचा हंगाम आणि गणपतीच्या आधीचा आठवडा टाळा. स्नेहसंमेलनाच्या तयारीत मुलं अर्ध्या तासात तीनदा वर्गाबाहेर बोलावली जातात, तेव्हा घेतलेल्या तासाची नोंद कुणाच्याच उपयोगाची नसते. फुलांचा घटक असेल तर ती फुलं त्या महिन्यात तुमच्या गावात फुलतात का ते बघा. फुलत नसतील तर तारीख बदलून मागा.

घटक तयार करणाऱ्या संस्थेकडून लेखी पत्र घ्या. त्यात घटकाचं नाव, तासिका, साहित्यपेटी शाळेकडे राहील की परत जाईल, मुलांचे फोटो आणि वह्या कुठे वापरल्या जातील, हे सगळं असावं. पालकांना सभेत सांगा. मुलांचा चेहरा किंवा नाव दिसेल असं काही बाहेर पाठवायचं असेल तर पालकांची लेखी संमती हवी. आणि मुलांनाही सांगा: ‘हे पुस्तक अजून कच्चं आहे, ते पक्कं करायला तुमची मदत हवी आहे.’ मी हे नेहमी सांगते. असं सांगितलं की मुलं एरवी विचारत नाहीत ते विचारतात, चित्रातल्या चुका दाखवतात, ‘हे वाक्य दोनदा वाचलं तरी कळलं नाही’ म्हणतात.

घटक कळला की नुसता आवडला हे तपासायला घटकाआधी दोन प्रश्न विचारा आणि संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तेच पुन्हा विचारा. प्रश्न पाठांतराचे नकोत. परिपथाच्या घटकात सेल आणि बल्ब जोडल्याची चार-पाच चित्रं द्या, काही पेटणारी, काही न पेटणारी, आणि विचारा, कोणता पेटेल आणि का. ‘का’च्या उत्तरात खरा बदल दिसतो. कधी कधी असं दिसतं की मुलांना तास फार आवडला होता आणि ‘का’ मात्र आधी होतं तिथेच आहे. हे कळवायला अवघड जातं, कारण तेवढे कष्ट तुम्हीही घेतलेले असतात. तरी कळवा.

आता शेवटचा मुद्दा, जो तुम्ही विचारला नाहीत. अभिप्राय पाठवून मोकळ्या होऊ नका. सुधारलेला मसुदा मागा. तुमच्या नोंदींपैकी काय घेतलं, काय नाही घेतलं आणि का, हे जाणून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. लिहिणाऱ्यांना एकदा शाळेत बोलवा, मागच्या बाकावर बसवा, एक पूर्ण तास बघू द्या. सुधारलेला घटक मात्र दुसऱ्यांदा शिकवताना हवा तसा वळवा, तुमच्या गावची माती, पिकं, बाजार त्यात आणा आणि काय बदललं ते लिहून पाठवा. शिक्षक-पुस्तिकेतली सर्वात चांगली पानं अशाच नोंदींतून तयार होतात. पहिला तास ऑगस्टमध्ये झाला तर लिहिणाऱ्यांची ही शाळाभेट सप्टेंबरात ठेवा. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास मसुदा दुरुस्त होईल आणि दुसऱ्या सत्रात दुसऱ्या तुकडीला तो शिकवून बघता येईल.